दुसरं काही औषध

डॉक्टर येळीकरांनी गुरुनाथचा उजवा पाय स्टुलावर ठेवायला लावला आणि अंगठ्याचा सांधा बोटानं हलकेच दाबून पाहिला. दहा दिवसांपूर्वी याच अंगठ्यावर पांघरुणाचा काठ टेकला तरी माझा भाऊ कळवळत होता. आता त्यानं नुसत्या भुवया आक्रसल्या.

"सूज उतरली," डॉक्टर म्हणाले. "पण हे परत येणार. रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलंय, त्याचे कण सांध्यात साचतात. गाऊट म्हणतात याला. आता एक रोजची गोळी सुरू करू. तिनं लगेच दुखणं थांबत नाही, पण युरिक अ‍ॅसिड वाढत नाही. बरेच महिने घ्यावी लागेल."

उदगीरच्या बाजारपेठेत त्यांचा दवाखाना होता, वर जायला अरुंद जिना. त्या दिवशी खोलीत आम्ही तिघं होतो. गुरुनाथ खुर्चीवर, मी त्याच्या शेजारी आणि खिडकीपाशी मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत उभा असलेला बसवराज. बसवराज म्हणजे गुरुनाथच्या होणाऱ्या बायकोचा मोठा भाऊ. साखरपुड्याच्या कोटाचं माप घ्यायला तो भालकीहून आला होता. पाय दुखतो म्हटल्यावर त्यानंच गुरुनाथला गाडीवर बसवून इथं आणलं आणि मी मागून रिक्षानं आले. साखरपुडा आठ दिवसांवर होता.

डॉक्टरांनी चिठ्ठी पुढं ओढली. लिहिता लिहिता मान वर न करता त्यांनी विचारलं, "दुसरी काही औषधं चालू आहेत का? कसलीही?"

गुरुनाथनं माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले.

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मग त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. गोळी जेवणानंतर घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, मध्येच मनानं बंद करायची नाही की वाढवायची नाही. महिन्याभरानं पुन्हा रक्त तपासायचं. मात्र अंगावर पुरळ उठलं, ताप आला, तोंडात फोड आले, तर गोळी तिथंच थांबवायची आणि त्याच दिवशी त्यांच्याकडे यायचं. मी शाळेत शिकवते हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, "बाई, तुम्ही लक्षात ठेवा, हा विसरेल."

बसवराजनं चिठ्ठी घेतली, गोळ्या मी आणतो म्हणाला आणि जिना उतरला. गुरुनाथ कठड्याला धरून त्याच्या मागं गेला. थोड्या वेळानं मीही खाली आले.

ही गोष्ट शहाण्णव सालची. त्याच्या चार वर्षं आधी गुरुनाथची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. वडील गेलेले, आईचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. मुंबईच्या एका हॉस्पिटलात माझं डावं मूत्रपिंड काढून त्याला बसवलं. तेव्हापासून तो रोज तीन प्रकारच्या गोळ्या घेत होता. शरीरानं माझं मूत्रपिंड परकं समजून नाकारू नये म्हणून त्या जन्मभर घ्यायच्या होत्या. त्यांतली एक पिवळसर, बारीक, अ‍ॅझाथायोप्रिन नावाची. तिचं नाव मी इथं मुद्दाम लिहिते आहे.

गावात आम्ही सांगितलं होतं की गुरूचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं आणि मी सोबतीला गेले होते. त्याचं लोकांनी मानलं. माझं मात्र फुटलं. मुंबईत ज्यांच्याकडे आई उतरली होती त्या नात्यातल्या बाईंनी कुणाला तरी सांगितलं की ऑपरेशन करून माझ्या पोटातलं काहीतरी काढलं आहे. काय काढलं ते लोकांनी आपापल्या मनानं ठरवलं. कुणी म्हणायचं गाठ, कुणी म्हणायचं आता हिला मूल होणार नाही. माझी दोन स्थळं मोडली. तिसऱ्या वेळी मुलाची आई मला आत घेऊन गेली, पदराखालून माझ्या कुशीवर हात फिरवला आणि विचारलं, कुठल्या बाजूचं काढलं? व्रण सापडल्यावर हात मागं घेऊन ती बाहेर गेली आणि चहा न घेताच ते लोक उठले.

त्या संध्याकाळी आई मला म्हणाली, "तुझं झालं ते झालं. गुरूचं कुणाला कळता कामा नये."

मला ते पटलं. माझ्यावरून हात फिरवलेला होता, त्याच्यावरून फिरू नये एवढंच मला वाटत होतं. त्याच्या गोळ्या मी पाकिटातून काढून ताकदीच्या गोळ्यांच्या बाटल्यांमध्ये भरून ठेवायला लागले. त्यानं टायपिंग इन्स्टिट्यूट काढलं. समोरच्या खोलीत आठ यंत्रं, सकाळी सहापासून मुलामुलींची टकटक. सहा महिन्यांतून एकदा आम्ही तपासणीला मुंबईला जायचो आणि यंत्रांचे सुटे भाग आणायला चाललो म्हणून सांगायचो. त्याचा चेहरा गोळ्यांमुळे थोडा गोल झाला होता. लोक म्हणायचे, मास्तर सुखात आहेत.

भालकीचं स्थळ चन्नवीरकाकांनी आणलं. काकांनाही खरं माहीत नव्हतं. मुलीचं नाव शिवलीला. गुरुनाथ तिला पत्रं पाठवायचा ती टाइप केलेली. तिनं उत्तरात लिहिलं की हे पत्र आहे का तहसीलदाराची नोटीस? ते वाचून तो दिवसभर हसत होता. लहानपणानंतर मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

बसवराज गोळ्या देऊन भालकीला परत गेला. संध्याकाळी जेवणं झाल्यावर गुरुनाथ ती नवी गोळी तळहातावर घेऊन बसला.

"अक्का, मुंबईच्या डॉक्टरांना एसटीडीवरून विचारून येऊ का?"

आई पलीकडे ताटं उचलत होती. मी त्याला म्हटलं, पायाच्या गोळीचा आणि त्याचा काय संबंध? जानेवारीत तपासणीला जायचंच आहे, तेव्हा विचारू. चौकातल्या त्या फोनवर मोठ्यानं ओरडून बोलावं लागतं, सगळं गाव ऐकतं.

त्यानं पाणी घेतलं आणि गोळी गिळली. माझ्या बोलण्यावर तो कधी दुसरा शब्द काढायचा नाही. मी त्याला माझ्या शरीरातला भाग दिला होता म्हणून असेल.

साखरपुडा भालकीला झाला. तो बूट घालून सरळ चालला, पाय अजिबात दुखला नाही. मी मनात डॉक्टर येळीकरांचे आभार मानले. शिवलीला उंच होती, मराठी बोलताना तिचा कानडी हेल ऐकू यायचा. जेवताना तिनं मला वाढलं आणि म्हणाली की यांना खारट फार चालत नाही असं दिसतंय, मी पाहिलं. मी घाबरले. मग मला बरं वाटलं, ही त्याच्याकडे लक्ष देईल.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या तोंडात फोड आले.

आधी गालाच्या आत एक, मग जिभेवर दोन. त्याला चटणी खाववेना. आई म्हणाली, केळवणांचं तिखट-तेलकट बाधलं. तिनं तूप लावायला दिलं, ज्येष्ठमध चघळायला दिलं. दोन दिवसांनी अंगात कणकण आली. नडगीवर निळे डाग दिसले. मी विचारलं तर म्हणाला, टेबलाला आपटलं असेल.

येळीकर डॉक्टरांचा शब्दन् शब्द मला आठवत होता. तोंडात फोड, ताप, त्याच दिवशी यायचं. पण त्यांच्याकडे जायचं म्हणजे ते परत विचारणार आणि मग मला सांगावं लागणार. मी ते उद्यावर ढकललं. चार दिवस ढकललं. त्या चारही दिवशी जेवण झाल्यावर जुन्या तिन्ही गोळ्या आणि ही नवी मी स्वतः त्याच्या हातावर ठेवल्या.

पाचव्या दिवशी सकाळच्या बॅचला तो उभा राहून श्रुतलेखन देत होता. नाकातून रक्त आलं ते थांबेना. मुलींनी मला हाक मारली. मी पोचले तेव्हा तो एका यंत्रावर डोकं टेकून बसला होता आणि कागदावर रक्त पसरलं होतं. अंग भाजत होतं.

आम्ही त्याला जीपनं लातूरला नेलं. काका आले, निरोप गेल्यावर भालकीहून बसवराजही थेट तिथं आला. एका खाजगी हॉस्पिटलात डॉक्टर सय्यद म्हणून तरुण फिजिशियन होते. रक्ताचा पहिला रिपोर्ट पाहून ते बाहेर आले आणि घरचं जवळचं कोण म्हणून विचारलं. मी त्यांच्यामागं त्यांच्या खोलीत गेले आणि दार लोटून सगळं सांगितलं. ऑपरेशन, बाटल्या, पायाची गोळी. येळीकरांना मी 'नाही' म्हणाले होते तेवढं राहिलं. पर्समधून बाटल्या आणि नव्या गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

त्यांनी त्यांतली पिवळसर गोळी आणि पायाची गोळी शेजारी शेजारी ठेवली.

"मूत्रपिंड बदललेल्यांना गाऊट होतो कधीकधी," ते म्हणाले. "औषधंही दोन्ही चांगली आहेत. पण ही नवी गोळी त्या जुन्या पिवळ्या गोळीचा शरीरात निचरा होऊ देत नाही. ती साचत जाते. रोज जणू चौपट डोस घेतल्यासारखं होतं. हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तो कारखानाच बंद पडतो. शक्यतो या दोन गोळ्या एकत्र देत नाहीत. दिल्याच, तर जुनीचा डोस पावपटीवर आणून दर आठवड्याला रक्त बघावं लागतं."

"आता?"

"रक्त भरू. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ उरलेल्याच नाहीत. प्रयत्न करतो." मग त्यांनी दार उघडलं आणि बाहेर पडता पडता म्हणाले, "उदगीरच्या डॉक्टरांनी ही गोळी देण्याआधी काहीच विचारलं नाही? विचारायला हवं होतं."

दाराबाहेर काका आणि बसवराज उभे होते. त्यांनी एवढंच वाक्य ऐकलं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. डॉक्टर नर्सकडे वळले, कुणीतरी रक्ताच्या बाटलीची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि मी ती घेऊन पळाले.

गुरुनाथ सहा दिवस होता. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, एकावेळी एकानं तोंडाला फडकं बांधून आत जायचं. चौथ्या दिवशी दुपारी त्याला जरा शुद्ध होती. ओठ फुटलेले, बोलताना त्रास व्हायचा. मी त्याला म्हटलं, गुरू, मी नाही म्हणायला नको होतं.

"मी पण तिथंच होतो, अक्का," तो म्हणाला. "मला पण तोंड होतं."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं की शिवलीलाला कुणी काही सांगितलं का. मी म्हटलं, अजून नाही. सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो गेला. त्याला उदगीरला आणून आमच्या रिवाजाप्रमाणे माती दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या बाई सांगत आल्या की येळीकर डॉक्टरांचा दवाखाना फोडला. पंधरा-वीस माणसं होती, काका पुढं होते, बसवराज होता. खुर्च्या, कपाट सगळं जिन्यावरून खाली फेकलं. डॉक्टरांना खाली ओढून आणलं आणि त्यांच्या तोंडाला मोटारीचं काळं वंगण फासलं. त्यांनी हात वर केला नाही की काही बोलले नाहीत, असं त्या म्हणाल्या. त्यांच्यावर पोलिसांत तक्रारही झाली, चुकीचं औषध देऊन जीव घेतला म्हणून.

तिसऱ्या दिवशी पूजा करून माणसं घरी परतली. समोरच्या खोलीत यंत्रं भिंतीला सारून सतरंजी टाकली होती. काका, बसवराज, भालकीचे आणखी दोघं, गल्लीतले लोक. आई आतल्या दारात बसली होती. बसवराज काकांना सांगत होता की वकील चांगला देऊ, त्या डॉक्टरला सोडायचं नाही.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. आवाज वर्गात येतो तसा आला.

"डॉक्टरांनी विचारलं होतं," मी म्हणाले. "बसवराजअण्णा, तुम्ही तिथं होता. औषध चालू आहे का म्हणून त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हणाले. चार वर्षांपासून गुरूला माझं मूत्रपिंड बसवलेलं होतं. त्याच्या गोळ्या चालू होत्या. आम्ही ते तुमच्यापासून लपवलं."

बसवराजच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला खिडकीपाशी उभं राहून ऐकलेलं ते 'नाही' आठवत होतं.

तेवढ्यात आई दारातून बोलली. आवाज चढला नव्हता.

"काय पण बोलायलीस. भाऊ गेला म्हणून डोकं फिरलंय हिचं. माझ्या लेकराला काही झालेलं नव्हतं. त्या डॉक्टरनंच मारलं त्याला."

"आई, तुला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही." ती लोकांकडे वळली. "हिला आत घेऊन जा कुणीतरी. चार दिवस झोप नाही तिला."

दोघी बायकांनी मला धरून आत नेलं. त्यांतल्या एकीनं माझ्या कपाळावर पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, रडून घे बाई. बाहेर काका हळू आवाजात बोलत होते. लोकांना आईचं पटलं होतं, किंवा पटवून घेणं सोपं होतं. बसवराज मात्र उठून गेला. तो न जेवता गेला हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर येळीकरांच्या घरी गेले. दवाखान्याला कुलूप होतं, घर त्याच्याच मागं होतं. दार त्यांनी स्वतः उघडलं. कानाच्या पाळीमागं वंगण अजून निघालेलं नव्हतं. खोलीत पुस्तकं दोरीनं बांधलेली होती. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

मी त्यांना म्हटलं की मी पोलिसांत जाऊन जबाब देते, तुमचा दोष नव्हता हे लिहून देते. माफी मागितली. पाहुण्यासमोर बोलता आलं नाही म्हणून सांगितलं.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पाहुणा होता तेव्हाचं मी समजू शकतो, बाई. पण मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो खाली होता."

हे मी आईला सांगितलं नव्हतं, सय्यद डॉक्टरांनाही नाही आणि काल सतरंजीवर उभी राहूनही नाही. इथंही इतका वेळ लिहिलं नाही.

त्या दिवशी बसवराज आणि गुरुनाथ जिना उतरत असताना डॉक्टरांनी मला मागं बोलावलं होतं. रक्ताच्या रिपोर्टवर बोट ठेवून ते म्हणाले होते की याच्या वयाला क्रिएटिनिन जरा जास्त आहे, चेहराही सुजल्यासारखा वाटतो. मूत्रपिंडाचं काही झालं होतं का? गोळ्या चालू आहेत का कसल्या? त्यांनी दार अर्धवट लोटूनही घेतलं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. माझं बोलणं त्या खोलीबाहेर गेलं नसतं.

मी पुन्हा नाही म्हणाले.

"का?" येळीकरांनी आता विचारलं. रागानं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, पण माझ्याकडे सांगण्यासारखं मोठं कारण नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी एकदा नाही म्हटलं होतं. आता हो म्हटलं तर शाळेतली बाई खोटं बोलते असं त्यांना वाटलं असतं, त्याची मला लाज वाटली. एवढंच होतं ते.

मी त्यांना तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

पोलीस ठाण्यात फौजदारांनी माझा जबाब लिहून घेतला. डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं हेही लिहायचं का, त्यानं तुम्हालाच त्रास होईल, असं ते म्हणाले. मी लिहा म्हटलं आणि सही केली. डॉक्टरांवरची तक्रार पुढं निकाली निघाली, पण ते उदगीरला थांबले नाहीत. महिन्याच्या आत घर रिकामं झालं. कुठं गेले ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. भालकीहून एक माणूस येऊन साखरपुड्याची साडी आणि अंगठी परत देऊन गेला. शिवलीलाचं काय झालं, तिला काय सांगितलं गेलं, हे मला माहीत नाही.

ठाण्यातून घरी आले तेव्हा आई चुलीपुढं बसली होती. कुठं गेली होतीस म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं आणि कागदावर काय काय लिहिलं तेही सांगितलं, दुसऱ्यांदाचंसुद्धा. तिनं भाकरी उलटली, भाजू दिली, ताटात ठेवली.

"एक गेला," ती म्हणाली. "दुसरीला लोकांच्या तोंडी द्यायचं नाही म्हणून मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. तू सही करून आलीस."

त्यानंतर आई नऊ वर्षं जगली, माझ्याजवळच. मी बदली करून घेतली तिथं ती आली. शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती, मी तिला भरवायचे, अंग पुसायचे, तीही निमूट करून घ्यायची. आल्यागेल्यांशी बोलायची. मला मात्र तिनं पुन्हा कधी नावानं हाक मारली नाही. काही हवं असलं की उशाजवळच्या पेल्यावर चमचा वाजवायची आणि मी जायचे.